शेततळ्यातला मासा, कंपनीचं यंत्र आणि तळ्याची नोंद : मराठवाड्यातल्या मत्स्यपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, बीड, परभणी, जालना या भागात शेततळ्यात मासे सोडणारे शेतकरी आणि धरणावर जाळं टाकणारे भोई-कोळी बांधव हल्ली वेगळेच प्रश्न विचारू लागले आहेत. पूर्वी विचारायचे, बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं) कुठं मिळेल, मासा वर का येतोय. आता विचारतात, कंपनीचा माणूस आलाय, तळ्याच्या पाण्याची नोंद मोबाईलवर देणारं यंत्र बसवून देतो म्हणतोय, सही करू का? हे पान त्यांच्यासाठी. आमचं मत आधीच सांगून ठेवतो. यंत्राला आमचा विरोध नाही. तळ्याची नोंद तळेवाल्याच्या हातून निसटण्याला आहे, आणि तो ठाम आहे.

आमचं तीस बाय तीसचं एक शेततळं. एवढ्याशा धंद्यात मोठ्या कंपन्यांना काय रस असणार?

एका तळ्यात नसतो, हजारो तळ्यांत असतो. जगात २०२२ साली पहिल्यांदाच पाळलेले मासे आणि इतर जलचर पकडलेल्यांपेक्षा जास्त भरले, ५१ टक्के. भारताचं २०२३-२४ चं मत्स्योत्पादन १८४ लाख टनांच्या घरात गेलं आणि त्यातला तीन-चतुर्थांश माल समुद्रातला नाही. तळी, धरणं, नद्या यांतला आहे. आपल्याकडं २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनं गावोगावी खड्डे झाले, त्यात प्लास्टिकचं अस्तर आलं. ते खोदले मोसंबीसाठी, डाळिंबासाठी, रब्बीच्या एका पाण्यासाठी. मासा नंतर आला.

आणि मत्स्यपालन हा मुळात खाद्याचा धंदा आहे. खाद्य विकत आणून मासा वाढवला तर खर्चातले साठ-सत्तर टक्के खाद्यावर जातात. तरंगत्या खाद्याच्या गोणीत प्रथिनांसाठी मुख्यतः सोयाबीनची पेंड असते. म्हणजे लातूरच्या बाजारात जे सोयाबीन आपण पडत्या भावात घालून येतो, तसल्याच मालाची पेंड गोणीत भरून आपल्याच बांधावर चढ्या भावानं परत येते. ती गोणी विकणाऱ्याला प्रत्येक तळ्यात किती मासा आहे आणि तो किती खातो हे कळलं, तर त्याचा अर्धा धंदा तिथंच पक्का होतो.

जगातलं चित्र बघा. अमेरिकेच्या कारगिलनं २०१५ साली इवॉस ही माशांच्या खाद्याची नॉर्वेतली मोठी कंपनी १.३५ अब्ज युरोला घेतली. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या एसएचव्हीनं न्युट्रेको घेतली, जिच्याकडं स्क्रेटिंग हा खाद्याचा जगभर चालणारा ब्रँड आहे. कोळंबीच्या तळ्यांसाठी सेन्सर आणि आपोआप खाद्य टाकणारी यंत्रं बनवणारी विजयवाड्याची इरुवाका पुढं याच न्युट्रेकोच्या ताब्यात गेली. आंध्रातल्या अवंती फीड्समध्ये थायलंडच्या थाय युनियनचा जवळपास चौथाई वाटा आहे. खाद्य विकणारा आणि तळं मोजणारा एकाच छताखाली येतोय.

ही यंत्रं मोजतात तरी काय?

आपल्या कामाची मुख्य गोष्ट एकच, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. दिवसा पाण्यातलं हिरवं शेवाळ उन्हात ऑक्सिजन तयार करतं. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ मिळून तो खातात. म्हणून सूर्य उगवायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. लिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर असला तर काळजी नाही. तीनच्या खाली गेला की मासा खाणं सोडतो, आणि आणखी घसरला की तोंड वर काढून हवा गिळायला लागतो. भाद्रपदात तीन-चार दिवस आभाळ राहिलं की दिवसाची कमाई घटते, रात्रीचा खर्च तेवढाच राहतो आणि एखाद्या पहाटे पांढरी पोटं तरंगताना दिसतात. हे तुम्हाला नवीन नाही. यंत्र फक्त आकडा आधी सांगतं.

पण त्या यंत्राला जवळून बघा. दोरीला लोंबणारी नळी, तिच्या टोकाला रुपयाएवढी टोपी, मोजमाप सगळं त्या टोपीवर. हिरव्या पाण्यात थोड्याच दिवसांत तिच्यावर बुळबुळीत थर चढतो. वरून काही दिसत नाही, मोबाईलवर आकडा येतच राहतो, फक्त तो तळ्याचा नसतो, त्या थराचा असतो. मऊ फडक्यानं टोपी पुसणं आणि ठरल्या वेळी आकडा दुसऱ्या मीटरशी ताडून बघणं, हे कोण करणार हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न विजेचा. पहाटे साडेतीनला मोबाईल कोकलला आणि थ्री फेज दिवसपाळीला असली तर एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, चालवणार कशावर? डिझेल इंजिनानं तळ्याचंच पाणी उचलून उंचावरून तळ्यात सोडायची सोय आधी करा, सेन्सरचं नंतर बघा.

नॉर्वेत समुद्रातल्या पिंजऱ्यांत कॅमेरे सोडून माशाचं वजन मोजतात. गुगलच्या मूळ कंपनीनं त्यासाठी टायडल नावाचा प्रकल्प उभा केला, ॲक्वाबाइट नावाची दुसरी कंपनीही हेच करते. तिथलं पाणी गार आणि नितळ. आपल्या तळ्यात वीत-दीड वीत खाली काही दिसत नाही. तेव्हा ‘कॅमेऱ्यानं वजन कळतं’ असं कुणी सांगितलं तर त्याला आपल्या तळ्यावर ते करून दाखवायला सांगा.

कंपनी यंत्र फुकट बसवून देते म्हणते. घ्यावं का?

दूध डेअरीतलं फॅटचं यंत्र आठवा. यंत्र ज्याच्या टेबलावर, आकडा त्याचा आणि भावही त्याचा. आपण नुसतं चिठ्ठी घेऊन घरी यायचं. तळ्यातल्या यंत्राचंही तसंच होऊ शकतं.

फुकट यंत्राची किंमत कुठंतरी वसूल होतेच. कधी ‘खाद्य आमचंच घ्यायचं’ या अटीतून, कधी ‘मासा आम्हालाच द्यायचा’ या अटीतून, आणि अट कागदावर नसली तरी नोंदीतून. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या कष्टानं पोट भरण्यासाठी वस्तू किंवा सेवा विकत घेणारा माणूस ग्राहक ठरतो आणि तो राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागू शकतो. पण ग्राहक ठरायला मोबदला द्यावा लागतो. फुकट घेतलेल्या यंत्रानं चुकीचा आकडा दाखवला आणि मासा मेला तर हा दरवाजा बहुधा बंद. म्हणून आमचा सल्ला : भाडं द्या, थोडं द्या, पण पावती घ्या.

तळ्याचा डेटा घेऊन कंपनी करणार काय? पाण्याचा आकडा कुणाच्या कामाचा?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

आपल्याकडं मासा कधी विकायचा हे माशाचं वजन ठरवत नाही, तळ्याचं पाणी ठरवतं. तीस बाय तीस आणि तीन मीटर खोल तळ्यात काठोकाठ सुमारे २२ लाख लिटर पाणी बसतं. त्यातलं काही वाफ होऊन जातं, बाकी फेब्रुवारीपासून बागेला लागतं. मार्च संपेपर्यंत पाणी गुडघ्याला येतं, तापतं, ऑक्सिजन धरत नाही. मग मासा पाऊण किलोचा असो की चारशे ग्रॅमचा, काढावाच लागतो. सगळा तालुका एकाच पंधरवड्यात मासा काढतो आणि भाव पडतो. आंध्रातून बर्फात भरून येणारा मासा बाजारात असतोच.

आता समजा, खरेदी करणाऱ्याच्या मोबाईलवर तुमच्या तळ्याची पातळी रोज दिसते आहे. कुणाकडं तीन आठवड्यांचं पाणी उरलंय, कुणाकडं पाच दिवसांचं, हे त्याला माहीत आहे. कुणावर खाद्याची किती उधारी आहे हेही माहीत आहे. तो भाव सांगायला कोणत्या दिवशी येईल? पाच दिवस उरलेल्याकडं चौथ्या दिवशी. त्याला दमदाटी करावी लागत नाही की खोटं बोलावं लागत नाही. तो फक्त थांबतो.

काही जण म्हणतात, पाणी तर आकाशातूनही दिसतं. खरं आहे. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी आपल्यावरून जातात आणि त्यांची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. त्यात एक ठिपका दहा मीटरचा असतो, म्हणजे तुमचं तळं जेमतेम नऊ ठिपक्यांचं. तळं भरलंय की आटत आलंय एवढं त्यावरून ओळखता येतं. चेन्नईची ॲक्वाकनेक्ट उपग्रहाच्या चित्रांवरून तळ्यांचा अंदाज बांधून कर्ज-विम्याच्या कामाला लावते. पण आत किती मासा आहे, सरासरी वजन काय, खाद्य किती लागलं, मर किती झाली, हे उपग्रहाला दिसत नाही. ते फक्त तुम्हाला माहीत असतं, आणि ॲपमध्ये तुम्हीच भरून देता.

नोंदीचा तुम्हाला होणारा फायदाही खरा आहे, तो नाकारू नये. एक टन मासा काढायला १.६ टन खाद्य लागतं की १.४ टन, यात दोनशे किलोचा फरक आहे. किलोला चाळीस रुपये धरले तर आठ हजार रुपये झाले. हा फरक नोंदीशिवाय कळत नाही. पण विचार करा, खाद्य विकणाऱ्याचं यंत्र तुम्हाला दोनशे किलो खाद्य कमी घाला असं मनापासून सांगेल का? सांगेलही. पण ते पडताळायला तुमचे स्वतःचे आकडे हवेत.

बीज, खाद्य, उधारी, खरेदी सगळं एकाच ठिकाणी मिळतंय. धावपळ वाचते. त्यात वाईट काय?

धावपळ वाचते, हे खरं. बॉयलर कोंबडीत आपण हे बघितलं आहे. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा. शेड, लाईटबिल, कष्ट शेतकऱ्याचे. मोबदला किलोमागं ठरलेला, त्यातही एफसीआरवर, म्हणजे किलोभर वजन वाढायला किती खाद्य लागलं यावर, कापाकापी. ज्यांचं नशीब बरं त्यांना दर खेपेला ठरावीक पैसा मिळाला आणि बाजारभाव कोसळला तेव्हा ते वाचले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण शेड बांधायचं कर्ज शेतकऱ्याच्या नावावर होतं आणि पिल्लं टाकायची की नाही हे कंपनी ठरवत होती.

माशात उधारीचा भाग जास्त टोचतो. खाद्य उधार घेतलं की ती उचलच झाली. बीड जिल्ह्यात उचल म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. उचल घेतलेल्यानं भाव करायचा नसतो. म्हणून चार गोष्टींपैकी दोन तरी वेगळ्या ठिकाणी ठेवा. खाद्य एकाकडून घेतलं तर विक्री दुसरीकडं. उधारी शक्यतो बँकेची. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मत्स्यपालनालाही मिळतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिल्यानंतर बँकेत हे मागताना बोलायला जोर आला आहे. मॅनेजर टोलवाटोलवी करतात, तरी अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

इंडोनेशियात म्हणे अशीच एक कंपनी बुडाली. खरं काय?

ई-फिशरी. २०१३ साली जिब्रान हुझैफा या तरुणानं काढली. तो स्वतः आधी तळ्यात मासे पाळायचा. मोबाईलवरून चालणारं खाद्ययंत्र हा त्यांचा पहिला माल. पुढं शेतकऱ्यांना खाद्य उधार देणं, मासा विकत घेणं असं सगळं एकत्र सुरू झालं. २०२३ मध्ये कंपनीनं वीस कोटी डॉलर उभे केले आणि तिची किंमत शंभर कोटी डॉलरच्या वर धरली गेली. जगातले नावाजलेले गुंतवणूकदार आत होते.

डिसेंबर २०२४ मध्ये संस्थापकाला पदावरून दूर केलं आणि चौकशीचा अहवाल बाहेर आला. २०२४ च्या पहिल्या नऊ महिन्यांची उलाढाल गुंतवणूकदारांना ७५ कोटी २० लाख डॉलर सांगितली होती. चौकशी करणाऱ्यांच्या अंदाजानं ती १५ कोटी ७० लाखांच्या आसपास होती. तळ्यांवर चार लाख यंत्रं आहेत असं सांगितलं जायचं. चौकशीत चोवीस हजारांच्या आसपास निघाली.

जी कंपनी शेतकऱ्याला ‘आकड्यांवर विश्वास ठेवा’ म्हणत होती तिचेच आकडे खोटे निघाले. आणि कंपनी गोत्यात आली की पहिला फटका यंत्राला बसत नाही, उधारीला आणि खरेदीला बसतो. भर हंगामात खाद्य थांबलं तर तळ्यातला मासा वाट बघत नाही. म्हणून कंपनी किती मोठी, पाठीशी कोण, टीव्हीवर आली का, यावर जाऊ नका. ती उद्या बंद पडली तर तुमचं तळं चालू राहील का, एवढंच बघा.

गिफ्ट तिलापियाचं बीज घ्यावं की कटला-रोहूच बरा?

बाजारात चिलापीला, म्हणजे तिलापियाला, गिऱ्हाईक आहे आणि ती लवकर वाढते, त्यामुळं मोह होतो. गिफ्टसाठी, म्हणजे निवड करून सुधारलेल्या तिलापियासाठी, मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते, ती न घेता सोडू नका. तळ्यातला मासा ओढ्यात गेला तर आवरत नाही.

पण इथं बीज कुणाचं हा मुद्दा आहे. गिफ्टवर १९८८ साली फिलिपिन्समध्ये काम सुरू झालं, तेही सार्वजनिक पैशातून. इजिप्त, घाना, केनिया, सेनेगल इथल्या नद्या-तळ्यांतला मासा आणून निवड पद्धतीनं ती जात घडवली. १९९९ मध्ये त्या कामाचा एक धागा करारानं नॉर्वेच्या जेनोमार कंपनीकडं गेला आणि तिनं आपल्या ब्रँडखाली बीज विकायला सुरुवात केली. दुसरा धागा वर्ल्डफिश या सार्वजनिक संस्थेकडं राहिला आणि त्याच वाटेनं गिफ्ट भारतात विजयवाड्याजवळच्या सरकारी केंद्रात आला. मासा एकच, वाटा दोन.

बियाण्याची मालकी म्हणजे काय हे मराठवाड्याला कापसानं शिकवलं. जालन्याच्या महिकोनं मोन्सँटोबरोबर मिळून २००२ मध्ये बीटी कपाशी आणली. सुरुवातीला बोंडअळी हटली, उत्पन्न वाढलं, हे आपण डोळ्यांनी बघितलं. मग पाकिटामागं तंत्रज्ञानाची फी, दर हंगामाला नवं पाकीट आणि शेवटी २०१५ साली केंद्राला दरनियंत्रणाचा आदेश काढावा लागला. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं शिवारं साफ केली तेव्हा बाजारात मागावं असं दुसरं बियाणं फारसं उरलं नव्हतं.

कटला-रोहू-मृगळचं तसं झालेलं नाही, कारण त्यांची प्रजननाची पद्धत सुरुवातीपासून सगळ्यांना खुली राहिली. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन करून दाखवलं. तोवर नदीतून बीज गोळा करावं लागायचं. त्यांनी ते कुणाच्या नावे बांधून ठेवलं नाही. आज जुलैतला तो दिवस राष्ट्रीय मत्स्यपालक दिन म्हणून साजरा होतो. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेनं निवड पद्धतीनं घडवलेला ‘जयंती’ रोहूही सरकारी आहे. त्याचं बीज मागा. मिळालं नाही तर का मिळत नाही हे जिल्हा कार्यालयाला विचारा. सरकारी बीज वेळेवर न मिळणं हीच खाजगी मक्तेदारीची पहिली पायरी असते, आणि इथं आपली यंत्रणा कमी पडते हे सांगायलाच हवं.

म्हणजे मोठ्या कंपन्या नकोतच का?

नॉर्वेत सामन माशाचा बहुतेक धंदा मूठभर मोठ्या कंपन्यांच्या हातात आहे. पण तिथं प्रत्येक पिंजऱ्याच्या जागेवर माशाला लागणाऱ्या उवा दर आठवड्याला मोजून सरकारला कळवाव्या लागतात आणि ते आकडे कुणालाही बघता येतात. शेजारच्या कोळ्याला, पत्रकाराला, स्पर्धकाला. समुद्र सगळ्यांचा आहे, मग त्यातल्या आजाराची माहितीही सगळ्यांची, असा तो विचार. २०२३ पासून सामनच्या जास्तीच्या नफ्यावर २५ टक्के वेगळा करही बसवला. कंपन्यांनी कडाडून विरोध केला, तरी बसवला.

आणि तिथंही किमतीची माहिती आपापसात वाटून घेतल्याचा संशय आहेच. युरोपीय आयोगानं जानेवारी २०२४ मध्ये नॉर्वेच्या सहा सामन कंपन्यांवर तसा प्राथमिक ठपका ठेवला. तो अंतिम निकाल नव्हे. विक्री करणाऱ्यांना एकमेकांचे आकडे माहीत असले आणि समोरच्याला नसले की काय होतं, हे सांगायला तेवढं पुरे.

कायदा काय म्हणतो? माझ्या तळ्याचा डेटा माझा आहे का?

शेतीच्या डेटाची मालकी शेतकऱ्याची, असं थेट सांगणारा कायदा आपल्याकडं नाही. म्हणून करारात जे लिहिलं असेल तेच चालतं.

२०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. त्यात कामाच्या गोष्टी आहेत : संमती मागणारी सूचना मराठीत मिळण्याची सोय, संमती देणं जितकं सोपं तितकंच ती परत घेणं सोपं, आणि माहिती पुसून टाकायची मागणी. पण हे संरक्षण माणसाच्या माहितीला आहे. तुमचं नाव, फोन, आधार, उधारी हे त्यात येतं. नाव काढून टाकलेला तळ्याचा ऑक्सिजन किंवा खाद्याचा हिशोब त्यात येईलच असं नाही. म्हणून कायद्याच्या भरवशावर न राहता कागद नीट वाचा.

करारात नेमकं काय बघायचं?

एका सभासदाकडं आलेला मसुदा आम्ही बसून वाचला. पानं बरीच, सगळी इंग्रजी. खटकलेली वाक्यं साधीसुधी होती. एका ठिकाणी लिहिलं होतं की यंत्रातून येणारी सगळी माहिती कंपनीची राहील आणि ती ‘सहयोगी संस्थांना’ देता येईल. सहयोगी कोण, हे कुठंच नाही. बँक? विमा कंपनी? व्यापारी? दुसऱ्या ठिकाणी, काढणीच्या वेळी वजनावरून वाद झाला तर ॲपमधला अंदाज ग्राह्य. हे तर कधीच मान्य करू नका. खरेदी-विक्रीला वैधमापन खात्याचा शिक्का असलेला काटा लागतो, आणि मासा काट्यावर चढल्याशिवाय त्याचं वजन ठरत नाही. तिसरं, वाद झाल्यास न्यायालय कंपनीच्या शहरातलं. केजच्या माणसानं तारखेला बंगळुरूला जायचं का?

आम्ही पाच वाक्यं बदलून मागतो : डेटा तळेवाल्याचा, कंपनीला फक्त सेवा देण्यापुरता वापर, तिसऱ्या कुणाला द्यायचा तर दर वेळी लेखी परवानगी, करार संपल्यावर सगळी नोंद एक्सेलमध्ये परत, वजन शिक्क्याच्या काट्यावर. सगळं मान्य होतंच असं नाही. पण मागितल्यावर समोरचा कुठं अडतो त्यावरून त्याला खरं काय हवंय ते कळतं.

सरकारच्या डिजिटल नोंदणीत नाव घालू का?

घाला. राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंच सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. मच्छीमार, मत्स्यपालक, संस्था सगळ्यांना तिथं ओळख मिळते, आणि विमा व कर्जाच्या सवलती त्यावर अवलंबून राहणार आहेत. नोंदणी स्वतःच्या मोबाईल नंबरवर करा. कंपनीचा किंवा खाद्यदुकानाचा माणूस ‘मी करून देतो’ म्हणून त्याचा नंबर घालत असेल तर थांबवा.

आम्ही धरणावर मासेमारी करतो, तळं नाही. आमचा याच्याशी संबंध?

तुमचा जास्तच आहे. जायकवाडी १९७६ ला पुरं झालं, नाथसागराचं पाणी पसरतं साडेतीनशे चौरस किलोमीटरवर. येलदरी, माजलगाव, मांजरा, सगळीकडं मासेमारीचा हक्क ठेक्यानं दिला जातो आणि सहकारी संस्था तो घेतात. आता धरणात पिंजरे लावायला अनुदान आहे. पिंजऱ्याला भांडवल मोठं लागतं, आणि भांडवल घेऊन येणारा विचारतो, रोज किती मासा निघतो, कोणत्या बाजूला, कोणत्या महिन्यात. पिढ्यान्‌पिढ्या भोयांनी पाण्यावर जगून मिळवलेलं ज्ञान अशा एका तक्त्यात उतरलं की पुढच्या लिलावात बोली लावायला कुणालाही तो तक्ता पुरतो. ठेका संस्थेच्या नावावर आणि पैसा-हिशोब बाहेरच्याचा, असं होऊ देऊ नका. मासळीचं वजन संस्थेच्या काट्यावर, संस्थेच्या वहीत, आणि वही संस्थेच्या कार्यालयात.

यंत्र न घेता नोंद ठेवता येते का?

येते, आणि सुरुवात तिथूनच करा. दोनशे पानी वही घ्या. रोज सकाळी तारीख, आभाळ कसं, मासा वर आला का, मेलेले किती, खाद्य किती किलो. हिरवेपणा बघायला वीतभर व्यासाची काळी-पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडा. ती पंचवीस ते चाळीस सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर पाणी ठीक. त्याआधीच गायब झाली तर शेवाळ फार, खाद्य कमी करा. पंधरा दिवसांनी फेकजाळ्यानं चाळीसेक मासे काढा, ओल्या पोत्यावर ठेवून एकत्र वजन करा आणि लगेच सोडा. चाळीस माशांचं वजन चौदा किलो भरलं तर सरासरी साडेतीनशे ग्रॅम. मागच्या वेळी तीनशे होतं, मधल्या काळात खाद्य किती गेलं, बाकी गुणाकार-भागाकार शाळेतली पोरं करून देतात. खाद्याच्या गोणीवरची पट्टी फाडून वहीत चिकटवा, त्यावर लॉट नंबर आणि प्रथिनांचं प्रमाण असतं. भांडण झालंच तर तीच कामाला येते.

गटानं मिळून मीटर घेतला तर?

हाच आमच्या मते खरा रस्ता. हातात धरायचा ऑक्सिजन मीटर आठ-दहा तळ्यांना एक पुरतो, आभाळाच्या दिवसांत आलटून-पालटून पहाटे फिरवायचा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मत्स्य उत्पादक कंपनी करायला मदत आहे. गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीनं सगळ्यांच्या वह्या एका तक्त्यात भरल्या की कोणत्या कंपनीच्या खाद्यानं मासा खरोखर वाढला ते दिसतं. मग कंपनीशी बोलणी तुम्ही एकटे करत नाही, पंचवीस तळी करतात. आणि सगळ्यांनी एकाच पंधरवड्यात मासा काढायचं टाळून पाण्याप्रमाणे पाळी लावता येते, जे एकट्यानं कधीच जमत नाही. पाण्याची पातळी व्यापाऱ्याआधी गटाला कळली पाहिजे.

कंपनीचा माणूस उद्याच येतोय. त्याला काय विचारू?

यंत्राची टोपी कोण पुसणार आणि किती दिवसांनी? आकडा चुकला आणि मासा मेला तर भरपाई कोण देणार? माझी नोंद तुमच्याशिवाय कुणाला दिसते, त्यांची नावं सांगा. मी उद्या दुसऱ्याचं खाद्य घेतलं तर यंत्र चालू राहील का? करार मराठीत मिळेल का? कंपनी बंद झाली तर माझी दोन वर्षांची नोंद मला कशी मिळेल? उत्तरं तोंडी घेऊ नका, लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी मागा. आणि कागद हातात पडेपर्यंत मोबाईलवर आलेला ओटीपी त्याला सांगू नका. हल्ली अंगठ्याचं काम तोच करतो.